राहू द्यावे

छापखान्यात तिला 'कात्री' म्हणायचे. तोंडावर 'बाई', पाठ वळली की कात्री. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. मुद्रितं तपासणारे पुष्कळ असतात. ऱ्हस्व-दीर्घ बघतात, सुटलेला अनुस्वार टाकतात आणि पाच वाजले की घरी जातात. ही बाई तेवढ्यावर थांबणारी नव्हती. एका गोष्टीला दोन शब्द दिसले की तिचे हात शिवशिवायचे. 'परत पुन्हा' दिसलं, एक गेलं. 'फक्त केवळ' दिसलं, एक गेलं. 'सर्वच्या सर्व संपूर्ण' असं लिहिणाऱ्या एका प्राध्यापकाला तिने चारचौघांत विचारलं होतं, "साहेब, तिघांतलं कुठलं ठेवू?" ते प्राध्यापक पुढे सहा महिने छापखान्यात फिरकले नाहीत. मालक मात्र खूश. बाईंच्या हाताखालून गेलेलं पुस्तक आठ-दहा पानांनी बारीक होऊन यायचं.

चाळीस वर्षं हे केलं. निवृत्त झाली तरी खोड काही जाईना. औषधाच्या खोक्यातला कागद, नळदुरुस्तीची पावती, बसचं तिकीट, सगळ्यावर लाल पेन्सिल. शेजारचे शिंपी वारले, तेव्हा त्यांच्या मुलाने दारावर कागद चिकटवला होता. ही भेटायला म्हणून गेली, दारातच थांबली आणि 'दुःखद'मधला सुटलेला विसर्ग टाकून मग आत गेली. मुलगा बघतच राहिला. बाईचं म्हणणं असं, की बाप एकदाच मरतो, तेव्हा तरी नीट लिहावं. आता याच्यापुढे कोण काय बोलणार!

घर तिचं स्वतःचं होतं. खाली तीन खोल्या, मागे स्वयंपाकघर, वर गच्ची. नवरा त्याच छापखान्यात यंत्र चालवायचा. दोघांनी मिळून विटेवर वीट चढवली होती, म्हणजे अगदी रविवारी स्वतः पाट्या वाहून. पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने दोन मोठ्या खिडक्या ठेवल्या, कारण तिला वाचायला उजेड हवा होता. नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून त्या खिडकीखालचं टेबल, वेताची खुर्ची आणि ती, असा तिघांचा संसार चालला होता. तिला आयुष्याकडून दुसरं काही नको होतं. त्या खुर्चीत वाचता वाचता मान टाकावी आणि मग काय ती उचलाउचली लोकांनी करावी, एवढीच तिची इच्छा होती, आणि हे ती सगळ्यांना सांगायची.

लेक एकच. तीही आईच्या भाषेत 'वाया गेलेली', म्हणजे केस कापायचं काम करणारी. "आई कागदावर कात्री चालवते, लेक डोक्यावर," असं छापखान्यातले लोक हसून म्हणायचे. आईला हसू यायचं नाही. लेकीचा हात मात्र चांगला होता. गिऱ्हाईक तिला सोडून दुसरीकडे जात नसे. जावई वायरमन, अबोल माणूस, बायकोच्या शब्दाबाहेर नाही. दोघं चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत भाड्याने राहायची.

त्या वर्षी बाई न्हाणीघरात घसरली आणि डावा हात मोडला. सहा आठवडे प्लास्टर. लेक रोज सकाळी यायची, आईला न्हाऊ घालायची, केस विंचरायची, डबा ठेवून कामावर जायची. एक दिवस नाही चुकवला. सहाव्या आठवड्यात, केस पुसता पुसता, ती हळूच म्हणाली, "आई, घराचं काहीतरी करून ठेवायला हवं गं."

"काय करून ठेवू? रंग देऊ?"

"तसं नाही. म्हणजे, कागदोपत्री काहीतरी. नंतर धावपळ नको."

"मग सरळ म्हण ना, नावावर कर म्हणून. एवढा वळसा कशाला?"

लेक मान खाली घालून केस पुसत राहिली. आई मात्र रागावली नव्हती. उलट तिला बरंच वाटलं. मुलगा असता तर दहा वेळा विचार केला असता, सून कशी निघेल कोण जाणे; इथे तर पोटची पोर, रोज अंगावर पाणी घालणारी. दुसऱ्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "घर तुझ्या नावावर करते. आत्ताच करते, मेल्यावर कशाला? तुम्ही दोघं इथे राहायला या. पण एक. मी या घरातून पायांनी चालत बाहेर जाणार नाही. जाईन ती चौघांच्या खांद्यावर."

"अगं, हे काय बोलणं झालं?" लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं. हे सांगून ठेवलेलं बरं.

वकील म्हातारे होते. लोकांची घरं लोकांच्या पोरांच्या नावावर करण्यात त्यांचे केस गेले होते. त्यांनी बक्षीसपत्राचा मसुदा केला आणि आयुष्यातली मोठी चूक केली. बाईच्या हातात कागद देऊन ते म्हणाले, "घरी नेऊन सावकाश वाचा. काही बदल असला तर सांगा."

काही बदल! तीन पानांच्या मसुद्यात बाईने त्रेचाळीस जागा काढल्या. 'सदरहू' जिथे तिथे पडलं होतं, ते वेचून टाकलं. 'मालकी, ताबा व मालकीहक्क' यातला एक मालक कमी केला. रात्री जेवायलाही उठली नाही इतकी रंगून गेली. कितीतरी दिवसांनी तिच्या हाताला काम मिळालं होतं. आणि असं करत करत ती सातव्या कलमापाशी आली. तिथे लिहिलं होतं: 'देणार हिने हयात असेपर्यंत सदर घरात राहावे व घेणार हिने तिला हयात असेपर्यंत सदर घरात राहू द्यावे.'

एका वाक्यात 'हयात' दोनदा, 'घरात' दोनदा, राहणं दोनदा! तिने 'सदर' उडवलं, 'राहावे'नंतर पूर्णविराम दिला, पुढचं सगळं एका रेघेत उडवलं आणि समासात लिहिलं, 'पुनरुक्ती'.

दुसऱ्या दिवशी आई आणि लेक दोघी वकिलांच्या कचेरीत बसल्या होत्या. वकिलांनी पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, हसले. "बाई, तुम्ही माझ्याकडे नोकरीला या," म्हणाले. तिसऱ्या पानावर त्यांचं हसू गेलं.

"हे का खोडलंत?"

"एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे."

"दोन आहेत त्या. राहणं तुमच्याकडे, राहू देणं हिच्याकडे."

"मी राहिले म्हणजे हिने राहू दिलंच की! नाहीतर मी राहीन कशी?"

"तेच तर म्हणतोय." वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला. "नुसतं 'राहावे' ही तुमची इच्छा झाली. बंधन हिच्यावर पडायला हवं. आमच्या धंद्यात एक गोष्ट दोनदा सांगावी लागते, बाई. बाकीचं सगळं लाल मला कबूल आहे. तेवढं राहू द्या."

हे 'राहू द्या' तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. एखादा शब्द चुकून खोडला गेला आणि तो परत ठेवायचा असेल, तर मुद्रितं तपासणारे त्याच्याखाली टिंबं देतात आणि समासात लिहितात, 'राहू द्या'. म्हणजे माझं चुकलं, खोडायला नको होतं. चाळीस वर्षांत तिने ते किती वेळा लिहिलं असेल? एका हाताची बोटं पुरतील. आणि आता हा माणूस, ज्याला 'सदरहू'वाचून तीन ओळी लिहिता येत नाहीत, तो तिला टिंबं द्यायला सांगत होता. शिवाय लेक शेजारी बसलेली. तिच्यादेखत कागदावर लिहायचं, की बाई गं, आईला घराबाहेर काढू नकोस? बाईला दोन्हीकडून अपमान वाटला.

"माझ्या लेकीला मला हे लिहून सांगावं लागत नाही," ती म्हणाली.

वकिलांनी लेकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "तुमचं काय म्हणणं?"

लेक मांडीवरच्या पर्सची चेन उघडत होती, लावत होती. "आई म्हणते तसं करा," ती म्हणाली. "तिचं कधी चुकत नाही."

बाईला त्या वाक्याचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! त्याच महिन्यात दस्त झाला. सातवं कलम एका ओळीचं, सुटसुटीत.

लेक-जावई राहायला आले. पहिले चार-पाच महिने कसे गेले ते कळलंही नाही. जावयाने सगळ्या घराची जुनी वायर बदलली, न्हाणीघरात आईसाठी धरायला दांडा बसवला. संध्याकाळी तिघं एकत्र जेवायची. बाई शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायची, पोरगी निघाली बरं का माझी सोन्यासारखी.

मग लेकीला पुढची खोली हवीशी झाली. स्वतःचं दुकान काढायचं होतं तिला, आणि रस्त्याला लागून, उजेडाची, अशी ती एकच खोली. मागितली तिने रीतसर. "आई, तुझं टेबल मधल्या खोलीत लावू? दिवा लावून देतील हे चांगला, दोन देतील." बाईने तोंड वाकडं केलं, पण दिली खोली. नाही म्हणता आलं असतं, पण तिला देणारीच राहायचं होतं. टेबल मधल्या खोलीत गेलं. तिथे दिवसाही दिवा लावावा लागे.

दुकानाच्या उद्घाटनाला वीस-पंचवीस बायका आल्या होत्या. सगळी लेकीची जुनी गिऱ्हाइकं. नव्या खुर्च्या, भिंतभर आरसा, दारावर कापडाने झाकलेला फलक. जावयाने कापड ओढलं, टाळ्या झाल्या. आणि टाळ्या थांबता थांबता बाईचा आवाज आला, छापखान्यात यंत्रांच्या वर चढवायची सवय झालेला आवाज: "अगं, 'केशभूषा'तला 'भू' दीर्घ! ऱ्हस्व कसा काढला? पहिल्याच शब्दात घाण केलीस!"

काही बायका हसल्या. एकीने मोबाइलवर फलकाचा फोटो काढला. लेक हसली नाही. "उद्या दुरुस्त करून घेते," म्हणाली आणि आत जाऊन सरबताचे पेले भरायला लागली. बाईला वाटलं, बरं झालं वेळेवर सांगितलं, नाहीतर वर्षानुवर्षं तसाच राहिला असता. तिच्या मनाला खरंच दुसरं काही शिवलं नाही.

चार दिवसांनी दुपारी लेक तिच्यासमोर येऊन बसली. दुकान बंद ठेवलं होतं. जावई दारात उभा, नजर जमिनीवर.

"आई, शहराबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी एक घर आहे. मी बघून आले. स्वच्छ आहे, डॉक्टर येतो, वाचनालय आहे. गुरुवारी एक खोली रिकामी होतेय."

बाईला आधी कळेचना, की हे कोणाबद्दल चाललं आहे. कळलं तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. पण आवाज सरकला नाही. "मी कुठेही जाणार नाही. कागदात लिहिलंय. सातवं कलम." ती उठली, कपाटातून दस्ताची प्रत काढली, पान उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "देणार हिने हयात असेपर्यंत घरात राहावे."

"राहावे," लेक म्हणाली. "बरोबर. तू राहावंस असं लिहिलंय. आम्ही राहू द्यावं असं कुठे लिहिलंय?"

बाईने कलमावर बोट ठेवून ते पुन्हा वाचलं.

"होतं ते," लेक पुढे म्हणाली. "तूच काढलंस. जास्तीचं होतं ना?"

"तू... तेव्हाच तुझ्या मनात होतं?"

"नाही गं! तेव्हा काही नव्हतं. तुझी शपथ. तेव्हा मला एवढंच वाटलं, की ही एकदा तरी कुणाचं ऐकते का बघू. नाही ऐकलंस." ती रडायला लागली, आणि रडता रडता तिला राग चढत गेला. "मी शिकायला बाहेर होते ना दोन वर्षं, तेव्हा तुला पत्रं लिहायचे. पंधरा लिहिली. पंधराच्या पंधरा परत आली, लाल होऊन! मी लिहिलं होतं, मला इथे करमत नाही, रात्री झोप लागत नाही. तू 'करमत'खाली रेघ मारून लिहिलंस, 'अक्षर सुधार'. एका तरी पत्राला उत्तर पाठवलंस?"

"उत्तर समासात असायचं ना," बाई म्हणाली. ती हे अगदी मनापासून म्हणाली. प्रत्येक पत्र तिने तीन-तीनदा वाचलं होतं, रात्री दिव्याखाली, एक वेलांटी सुटू दिली नव्हती. एवढं लक्ष तिने नवऱ्याकडेही दिलं नव्हतं. पण हे तिला बोलता आलं नाही. आणि बोलली असती तरी समोर ऐकायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

"आई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," जावई दारातून म्हणाला. त्या घरात त्या दिवशी बोललेलं ते सगळ्यात निरर्थक वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी बाई एकटी रिक्षा करून वकिलांकडे गेली. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. 'मी सांगत होतो' असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. ते म्हणाले नाहीत. चहा मागवला.

"एक वाट आहे," ते म्हणाले. "दस्त रद्द करायचा दावा लावू. तुम्ही लिहून द्यायचं, की वय झालं होतं, हात मोडला होता, गोळ्या चालू होत्या. समोर ठेवलेला मजकूर वाचला, पण त्याचा अर्थ समजला नाही."

"मला अर्थ समजला नाही?"

"असं लिहून द्यायचं."

"आणि तो मसुदा? माझ्या हातचा? त्रेचाळीस दुरुस्त्या आहेत त्यावर."

"माझ्याकडे कागद फार आहेत, बाई," वकील खिडकीबाहेर बघत म्हणाले. "एखादा सापडत नाही कधी कधी."

एवढा सरळ माणूस तिच्यासाठी खोटं बोलायला तयार झाला होता. बाईला ते दिसलं. तिने कप खाली ठेवला. "घर परत मिळेल?"

"बहुतेक मिळेल. वर्ष-दीड वर्ष लागेल."

बाईला हो म्हणवेना. आता कोणी म्हणेल, आईचं काळीज आड आलं, लेकीला रस्त्यावर कशी काढू असं वाटलं. छे! काळीज मागून आलं. आधी आला तो ताठा. चाळीस वर्षं जिने प्राध्यापकांना शिकवलं, तिने भर न्यायालयात सही करून सांगायचं, की मला वाचलेलं कळत नाही? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग ती आग हळूहळू विझली, तेव्हा तिला खरं काय ते दिसलं.

"साहेब," ती म्हणाली, "कागद मला समजला होता. अक्षर न् अक्षर समजलं होतं. लेक समजली नव्हती. तसं लिहा. त्यावर करते सही."

वकिलांनी मान हलवली. "तसं लिहून चालत नाही, बाई."

ती घरी आली तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. लेक खाली पडलेले केस झाडत होती.

"कुठे गेली होतीस?"

"वकिलांकडे."

लेकीच्या हातातला झाडू थांबला. चेहरा पांढराफटक पडला. "काय म्हणाले ते?"

बाई तिच्याकडे बघत राहिली. चाळिशीची बाई, घराची मालकीण, हाताखाली दोन मुली कामाला. आणि आईसमोर अशी उभी होती, जणू आता हिच्या हातून मार बसणार. बाईने तिच्या अंगाला कधी बोटही लावलं नव्हतं. तरी ती भीती नवी नव्हती. ती लेकीच्या चेहऱ्यावर लहानपणापासून होती, दारातून आत येताना, जेवताना, वही पुढे करताना. बाईने ती रोज पाहिली होती, आणि तिला वाटायचं, पोरीचा चेहराच तसा आहे. आज घर गेलं त्यापेक्षा हे जास्त लागलं. घाबरू नकोस गं, असं म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं. पण हे शब्द तिने आजवर कोणालाच म्हटलेले नव्हते, आणि ते आले नाहीत.

"काही नाही म्हणाले," ती म्हणाली. "गुरुवारी किती वाजता निघायचं?"

असं विचारून ती तिथेच थांबली. कशासाठी थांबली ते तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. लेकीने एवढंच म्हणावं, की थांब ना, कशाला जातेस. मनापासून नसलं तरी चालेल, म्हणायचं म्हणून म्हणावं.

"साडेनऊला," लेक लगेच म्हणाली. "गाडी सांगून ठेवलीय."